तात्या टोपे यांची जबानी व लष्करी पूर्वचौकशींतील दोष

लष्करी न्यायालय बसण्यापूर्वीं होणाऱ्या चौकशींत नियमभंग झाला, तर पुढील निकालाचें काय होतें? हा प्रश्न केवळ कायदेपंडितांचा नव्हे. अशा चौकशींतील कागद इतिहाससंशोधकाचें साधन होतात. म्हणून त्यालाही तो टाळतां येत नाहीं. येवल्याचे रामचंद्र पांडुरंग ऊर्फ तात्या टोपे यांची जबानी हें याचें ठळक उदाहरण होय.

नरवरच्या मानसिंगानें दगा दिल्यामुळें तात्या ७ एप्रिल १८५९ रोजीं पकडले गेले. ता. १० रोजीं मुशैरीच्या छावणींत मेजर मीड याच्या समक्ष त्यांची जबानी झाली. ता. १५ रोजीं शिप्री येथें लष्करी न्यायालय भरलें व ता. १८ रोजीं त्यांस फांशी देण्यांत आलें. इंग्रज सरकाराविरुद्ध बंड व युद्ध केलें, हा आरोप होता. आपण धन्याच्या हुकुमानें वागलों, युरोपियन स्त्रीपुरुषांच्या कत्तलीशीं आपला संबंध नाहीं, असें तात्यांचें म्हणणें होतें. जबानी स्वखुशीची म्हणून नोंदलेली आहे. परंतु ज्यांनीं धरलें त्यांच्याच छावणींत ती झाली.

या जबानीचें मोल ठरविण्यास आजच्या नियमांची कसोटी उपयोगी पडेल. आपल्या मराठवाड्यांत चाकूर येथें सीमा सुरक्षा दलाचें प्रशिक्षण केंद्र आहे. या दलास १९६८ चा अधिनियम व १९६९ चे नियम लागू आहेत. त्यांप्रमाणें आरोपाची सुनावणी आरोपीच्या समक्ष व्हावी लागते. त्यास साक्षीदारांची उलटतपासणी करतां येते. आणि ‘तुम्ही बोलण्यास बांधलेले नाहीं, बोलाल तें पुराव्यांत येऊं शकेल’ अशा अर्थाची ताकीद दिल्यावरच त्याचें निवेदन लिहून घ्यावयाचें असतें. सैन्याच्या १९५४ च्या नियमांतील २२ व २३ या कलमांचा रोखही हाच आहे.

तथापि नियम मोडला म्हणजे निकाल आपोआप रद्द होतो असें नाहीं. मेजर ए. हुसेन यांच्या प्रकरणीं (१९९८) सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, पूर्वचौकशीची पर्याप्तता हा अधिकारक्षेत्राचा प्रश्न नव्हे. आरोपीचें नुकसान झालें किंवा अनिवार्य तरतूद मोडली असें दिसल्यासच खटला बाधित होतो. उलट रणजित ठाकूर यांच्या प्रकरणीं (१९८७) ज्याच्याविरुद्ध शिपायाची तक्रार होती तोच अधिकारी न्यायासनावर बसला होता, आणि न्यायाधीशांविषयीं हरकत आहे काय हें आरोपीस विचारलेंच गेलें नव्हतें. तेथें सर्व कारवाई रद्द झाली. चौकशींतील उणीव खटल्यांत भरून निघूं शकते. न्यायासनच दूषित असल्यास तें होत नाहीं.

हा भेद तात्यांच्या प्रकरणास लावून पाहावा. त्यांनीं युद्ध केलें हें निर्विवाद होतें. जबानी वगळली तरी तें सिद्धच होतें. म्हणून तीवरील आक्षेपानें निकाल ढळत नाहीं. खरा आक्षेप मूळ अधिकाराचा आहे: पेशव्यांच्या सेवकास इंग्रजांचा बंडखोर कसें म्हणावें? इंग्रज इतिहासकार मॅलेसन यानेंही या शिक्षेच्या न्याय्यतेविषयीं शंका घेतली आहे.

जबानीचा दोष कायद्यांत गौण ठरला, तरी इतिहासांत तो गौण नाहीं. कैदेंतील मनुष्य इतरांविषयीं जें सांगतो तें स्वतंत्र पुराव्याचा आधार मिळेपर्यंत सिद्ध मानूं नये.