नारळाच्या सोडणावर वाढणारे अँथुरियम

अँथुरियमचे तांबडे, लाखेप्रमाणे चकाकणारे ‘फूल’ हे खरे पाहता फूल नव्हेच. ते एक रूपांतरित पान असून वनस्पतिशास्त्रात त्यास महाछद म्हणतात. त्याच्या तळातून निघणाऱ्या पिवळसर दांड्यावर खरी फुले दाटीने बसलेली असतात व ती नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसतात. ही वनस्पती अळू व सुरण यांच्या कुळातील होय. तिच्या पानात व देठात अळूप्रमाणेच खाज आणणारे स्फटिक असतात, म्हणून लहान मुले व गुरे यांना तिच्यापासून दूर ठेवावे.

कोलंबिया व इक्वेडोर या देशांतील दमट अरण्ये हे या झाडाचे मूळ स्थान. एदुआर आंद्रे या फ्रेंच उद्यानतज्ज्ञास ते १८७६ साली कोलंबियात आढळले व त्याच्याच नावावरून या जातीस नाव पडले. तेथे ते मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पुष्कळदा वृक्षांच्या खोडावर, पालापाचोळ्याच्या आधाराने वाढते. एवढी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे लागवडीचे बहुतेक नियम आपोआप उलगडतात. त्याच्या जाड मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. मातीने व शेणखताने गच्च भरलेल्या कुंडीत लावलेले रोप हळूहळू पिवळे पडू लागते. ते पाहून मालक पाणी वाढवितो आणि उरलेली मुळेही कुजतात. अशी अतिमायेने मेलेली रोपे थोडी नसतात.

कोकणात व गोव्यात या झाडास योग्य असे माध्यम घरोघरी पडलेले असते, ते म्हणजे नारळाचे सोडण. सोडणाचे दोन-तीन बोटे लांबीचे तुकडे करून ते गोड्या पाण्यात काही दिवस भिजत ठेवावेत व पाणी वरचेवर बदलावे, म्हणजे त्यातील क्षार व कस निघून जातो. खाडीच्या पाण्यात कुजविलेले सोडण वापरू नये. ज्यांच्या विहिरीस उन्हाळ्यात मचूळ पाणी येते त्यांनी पाण्याची तपासणी करून घेतल्याखेरीज रोपे विकत आणू नयेत. वाफ्याच्या तळाशी जांभ्या दगडाचे तुकडे पसरून वर सोडणाचा सुमारे २५ सेंटिमीटर थर द्यावा. रोपाचा गाभा थरात पुरला जाऊ नये.

सावली ७० ते ८० टक्के असावी. नारळ-पोफळीची सावली दिवसभर सरकत राहते व झावळी पडून रोपे मोडतात, म्हणून शेडनेट बरे. मात्र पावसाळ्यात जाळीतून गळणारे पाणी पानापानांवर उडते. त्यासाठी वर प्लास्टिकचे आच्छादन करावे. देशावरील कोरड्या उन्हाळ्यात हवा दमट व थंड राखण्यास फार खर्च येतो. तेथील लहान शेतकऱ्याने हा नाद न केलेला बरा. खत पातळ व वारंवार द्यावे. युरियाचा मारा करू नये, त्याने झाड लुसलुशीत होऊन रोगास बळी पडते.

प्रत्येक पानाच्या बेचक्यातून एकच फूल येते. म्हणजे जितकी निरोगी पाने निघतील तितकीच फुले, असा या झाडाचा सरळ हिशेब आहे. त्यामुळे पानावरील रोग हा थेट मिळकतीवरील घाला ठरतो.

याचे उदाहरण हवाई बेटांचे. तेथे १८८९ साली सॅम्युएल डेमन यांनी इंग्लंडमधून ही वनस्पती आणली व पुढे घरामागील परसांतूनच तिचा मोठा व्यापार उभा राहिला. १९८० नंतरच्या दशकात जिवाणूजन्य करपा तेथील बागांत पसरला व अनेक लहान बागायतदारांना धंदा सोडावा लागला. या रोगात प्रथम पानाच्या कडेजवळ पाणी शोषल्यासारखे डाग दिसतात, ते तपकिरी होतात व भोवती पिवळे वलय येते. जिवाणू झाडात शिरल्यावर सर्व पाने पिवळी पडून देठ बुडाशी सहज निखळतात. त्यावर खात्रीचा उपाय नाही. झाड काढून जाळून टाकणे हाच मार्ग उरतो. पोफळीवर कोळेरोगासाठी मारावयाचे बोर्डो मिश्रण येथे मारण्याचा मोह होतो, परंतु ताम्रयुक्त औषधांनी अँथुरियमची पाने होरपळतात. पोफळीवर फवारताना त्याचे तुषारही या वाफ्यांवर येऊ देऊ नयेत.

रोग बहुधा आणलेल्या रोपांबरोबर येतो. म्हणून ऊतिसंवर्धित रोपे घ्यावीत व नवी रोपे काही महिने वेगळी ठेवावीत. डिफेनबेकिया, सिंगोनियम ही शोभेची रोपे याच कुळातील असून तोच जिवाणू बाळगतात. त्यांना शेडनेटमध्ये थारा देऊ नये. सकाळी पानांच्या कडांवर जे थेंब साचतात त्यांतून रोग हातास व कपड्यांस लागतो, यासाठी पाने सुकल्याशिवाय वाफ्यात शिरू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीही एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना हातपाय धुवावेत. पाहणीस आलेला मनुष्यच रोग घेऊन येतो, असे घडू शकते.

दांड्यावरील सुमारे दोन-तृतीयांश फुले उमलली म्हणजे फूल काढणीस येते. कापताना दोन चाकू जवळ ठेवावेत. एकाने कापावे, तोवर दुसरा ब्लीचच्या ताज्या १० टक्के द्रावणात बुडवून ठेवावा, आणि प्रत्येक झाडागणिक चाकू बदलावा.