कापड विरलं, छाप उरला

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधून मांजरपाटाचा तागा किंवा धोतरजोडी घेतली, की वरच्या घडीवर एक रंगीत चिठ्ठी डकवलेली असायची. लक्ष्मी, हत्ती, शिकारीला निघालेला राजा, आगगाडी, नाहीतर नुसती पोपटांची जोडी. कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि खाली व्यापारी कंपनीचं नाव. धोतरं फाटली, त्यांची फडकी झाली, फडक्यांची पायपुसणी झाली. चिठ्ठी मात्र कुणी अलगद सोलून देवघरात लावली, कुणी ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली. या चिठ्ठ्यांना कापडबाजारात टिका किंवा छाप म्हणतात आणि आता त्या जमवणारे लोक आहेत. बंगळूरच्या ‘म्युझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफी’नं तर ‘तिकीट टिका छाप’ नावानं त्यांचं प्रदर्शनच भरवलं होतं.

हे छाप आले मँचेस्टरहून. लँकेशायरचं कापड हिंदुस्थानात उतरायचं आणि दहा व्यापाऱ्यांचं पांढरं कापड एकसारखंच दिसायचं. 1889च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्यानं ताग्याची लांबी यार्डात, तीही इंग्रजी आकड्यांत, कापडावर उमटवणं भाग पाडलं. पण गिऱ्हाईक ते आकडे कुठे वाचणार? तो दुकानात येऊन ‘हत्ती छाप द्या’ म्हणायचा. साहजिकच एकाचा हत्ती खपायला लागला की दुसरा आपल्या चिठ्ठीवर दोन हत्ती छापायचा आणि भांडण कोर्टात जायचं. छापांची सरकारी नोंदणी करणारा ट्रेड मार्क्स कायदा आपल्याकडे आला तो थेट 1940 साली.

छपाई दगडावरची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, म्हणजे आठ रंगांच्या चित्राला कागद आठ वेळा दाबाखालून जायचा. एका मोठ्या कागदावर अनेक चिठ्ठ्या छापून मग त्या कापत. हे तंत्र आपल्याकडे घरोघर पोचवलं ते राजा रविवर्म्यांच्या छापखान्यानं. 1894 साली गिरगावात सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञानं तो विकत घेतला आणि देवादिकांच्या चित्रांबरोबर जाहिराती आणि मालावरची लेबलंही तिथे छापली जाऊ लागली. मग स्वदेशीचं वारं आलं आणि चिठ्ठीवर भारतमाता आणि पुढारी अवतरले. चरख्याच्या चित्राआडून गिरणीचं कापड खादी म्हणून खपवण्याचे उद्योगही झाले. ते इतके बोकाळले की हातानं कातून हातमागावर विणलेल्या सुती कापडालाच खादी म्हणता येईल, असा कायदा 1934 साली करावा लागला. एखादा चरख्याचा टिका हाती आला तर तो कुणी आणि कशासाठी छापला असेल, याचा विचार करून पाहावा. गंमत येते.

अशा कागदांची सूची कशी होते, याचं एक उदाहरण अमेरिकेतलं. 1920च्या आसपास तिथे बेसबॉल खेळाडूंची चित्रं कागदाच्या लांब पट्टीवर ओळीनं छापली जात. दुकानदार कात्रीनं एकेक कापून पोरांना सेंटभर किमतीला विकायचा. छपाई भडक, कागद हलका, कापणी वाकडीतिकडी. सिगारेटच्या पाकिटातून येणाऱ्या देखण्या पत्त्यांपुढे या पट्टीपत्त्यांना कुणी विचारत नसे. सिरॅक्यूस गावच्या जेफरसन बर्डिक नावाच्या गृहस्थानं मात्र अशा सगळ्या छापील कागदांची सूची करून त्यांना खुणेची अक्षरं दिली. पट्टीपत्त्यांना ‘डब्ल्यू’ मिळालं, ते आजही चालतं. बर्डिक 1963 साली वारले. त्यांचे तीन लाखांवर कागद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. आपल्या टिक्यांची अशी सर्वमान्य सूची अजून नाही, आणि हौशी माणसाला यासारखं दुसरं काम सापडायचं नाही.

बाजारात नकलाही भरपूर आहेत. मुंबईच्या चोरबाजारात टिका हाती आला तर दहापट मोठं दाखवणारं भिंग लावावं. दगडावरच्या छपाईत ठिपके हातानं दिलेले, लहानमोठे, वेडेवाकडे पसरलेले दिसतात. सोनेरी रंग बोटाला किंचित उठावदार लागतो. आजच्या ऑफसेट छपाईत मात्र चार रंगांचे ठिपके शिस्तीत, फुलांच्या पाकळ्यांसारखे मांडलेले असतात. मागच्या बाजूला वाळलेली खळ आणि तिच्यात अडकलेला सुताचा धागा सापडला तर फारच उत्तम. कोऱ्या करकरीत टिक्याला जास्त भाव मिळतो हे मला कधीच पटलेलं नाही. तो छापखान्यात उरलेला कागद. खळवाला टिका ताग्यावर बसून आलेला असतो. लॅमिनेशन आणि फेव्हिकॉल यांच्यापासून मात्र दोन्ही दूर ठेवावेत. कोकणच्या दमट हवेत कसर लागतेच, पावसाळ्यात पेटी उघडून पाहत राहावं.

आता छापच नसलेल्या कापडाचं गाव, भिवंडी. देशातल्या यंत्रमागांच्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी हे एक, तेव्हा छापही इथे ढिगानं मिळतील असं बाहेरच्याला वाटतं. पण कामतघर, पद्मानगर, शांतीनगरच्या कारखान्यांतून निघतं ते ग्रे, म्हणजे न धुतलेलं, न रंगवलेलं कोरं कापड. ताग्याच्या टोकाला हातानं लिहिलेला नंबर आणि मीटर, बस्स. 18 जानेवारी 1982ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या भिवंडीतून कापड विणून घेत होत्याच, संपानंतर ते काम आणखी वाढलं. धुऊन-रंगवून झाल्यावर या कापडाच्या काठावर नाव उमटायचं ते गिरणीचं. भिवंडीचं कापड देशभर गेलं, पण परक्या छापाखाली. म्हणून गिरण्यांचे टिके जमवणाऱ्यानं, विशेषतः 1982 नंतरच्या टिक्याकडे पाहताना कापड कुठे विणलं हा प्रश्न वेगळा विचारावा. टिका त्याचं उत्तर देत नाही.

इथे नाव असतं ते येणाऱ्या सुतावर. कापड निनावी जातं, सूत मात्र नावानिशी येतं. सुताच्या गोणीवर सूतगिरणीचं लेबल असतं आणि आत सूत गुंडाळलेल्या कागदी कोनावर गिरणीचं नाव, सुताचा काउंट (जाडी-बारीकपणा सांगणारा आकडा) आणि ओळखीचा रंग किंवा नक्षी छापलेली असते. सूत संपलं की कोन भंगारात जातात. हे कोन कुणी जमवताना अजून दिसत नाही. कारखान्याच्या मेहताला, म्हणजे व्यवस्था पाहणाऱ्याला, सांगून ठेवलं तर तो प्रत्येक काउंटचा एकेक बाजूला काढून ठेवील. दर किलोवर ठरेल.