करापायी स्थलांतर : समज आणि वस्तुस्थिती

श्रीमंतांवर कर वाढविला की ते गाव सोडून जातात, असा एक सार्वत्रिक समज आहे. या समजाची पारख करण्यास गुरुग्रामइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. तेथील गोल्फ कोर्स रोडवरील ‘द कॅमेलियाज’ संकुलात डिसेंबर 2024 मध्ये एका सदनिकेची 190 कोटी रुपयांना नोंदणी झाली. त्यावर सुमारे 13 कोटींचे मुद्रांक शुल्क भरले गेले.

मग ही श्रीमंती दिल्लीच्या सीमेपलीकडे आली ती कर वाचविण्यासाठी काय? तसे म्हणता येत नाही. प्राप्तिकर केंद्राचा. दिल्ली असो वा हरियाणा, दर एकच. कोठेही गेले तरी पळसाला पाने तीनच. दिल्लीत 1957 च्या कायद्यानंतर वसाहती उभारण्याचे काम मुख्यतः विकास प्राधिकरणाकडे गेले. हरियाणाने मात्र 1975 च्या कायद्याने खासगी विकासकांना परवान्याची वाट खुली केली. मोकळी जमीन, मारुतीचा कारखाना, विमानतळाची जवळीक आणि पुढे बहुराष्ट्रीय कंपन्यांची कार्यालये यांनी हे शहर घडविले.

चढ्या करांचा परिणाम होत नाही, असे मात्र नाही. 1973-74 मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह 97.75 टक्के होता. माणसे फारशी हलली नाहीत. उत्पन्न मात्र हिशेबाच्या वह्यांतून नाहीसे झाले. चढे दर हे करचुकवेगिरीचे प्रमुख कारण असल्याचे वांछू समितीने 1971 मध्येच नोंदविले होते. 2019 मध्ये पाच कोटींवरील उत्पन्नाचा दर 42.74 टक्क्यांवर गेला. 2023-24 पासून नव्या करप्रणालीत तो 39 टक्क्यांवर आला.

परदेशातील अनुभव संमिश्र आहे. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने 2004 मध्ये पाच लाख डॉलरवरील उत्पन्नाचा कर वाढविला; त्यामुळे झालेले स्थलांतर अभ्यासकांना अत्यल्प आढळले. नॉर्वेत 2022 मध्ये संपत्तिकर वाढताच काही धनिकांनी स्वित्झर्लंड गाठले. ज्याची मिळकत समभागांत आहे त्याला निघणे सोपे. ज्याचा व्यवसाय, अशील, रुग्ण वा कारखाना येथेच आहे, त्याला ते तितके सोपे नाही.

व्यक्तिगत प्राप्तिकर नसलेल्या दुबईचे आकर्षण वाटणाऱ्या ग्राहकांनी हेही ध्यानी घ्यावे, की पत्ता बदलल्याने भारतातील घरभाडे वा व्यवसायाचे उत्पन्न करमुक्त होत नाही. शिवाय 2020 च्या दुरुस्तीनुसार, असे उत्पन्न पंधरा लाखांहून अधिक असून अन्य कोणत्याही देशात कर लागू नसलेला भारतीय नागरिक निवासीच मानला जातो. प्रत्यक्ष अनिवासी झाल्यास बँकेस कळवून बचत खाते अनिवासी सामान्य खात्यात रूपांतरित करून घेणे आवश्यक असते.

कर हे घर सोडण्याचे एक कारण असू शकते. पण मुलांची शाळा, वृद्ध आईवडील आणि वर्षानुवर्षे जोडलेली माणसे यांचा हिशेब कोणत्याही विवरणपत्रात मांडता येत नाही. निर्णय घेताना तोही मांडलेला बरा.