नऊ कोटी किलोमीटरची थाप

जुलै उजाडून तरण्या पावसाची झड लागली, की बेळगाव-निपाणी भागातल्या मोबाइलवर एक निरोप दरवर्षी फिरू लागतो. उद्या पहाटे 5 वाजून 27 मिनिटांपासून पृथ्वी सूर्यापासून फार लांब जाणार, 22 ऑगस्टपर्यंत कधी नव्हे असा गारठा पडणार, अंग दुखणार, घसा धरणार, तेव्हा जपा. सोबत हिशेबही असतो: एरवीचं अंतर 9 कोटी किलोमीटर, आता 15 कोटी 20 लाख, म्हणजे 66 टक्के जास्त. (भागाकारही चुकलेला आहे, उत्तर 69 येतं.) यातला 15 कोटी 20 लाखांचा आकडा खरा आहे आणि सगळी फसगत तिथूनच सुरू होते. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल असल्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सर्वात दूर, म्हणजे अपसूर्य स्थितीत असते. पण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, अगदी जवळ असतानाही, हे अंतर 14 कोटी 71 लाख किलोमीटर असतं. फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. 9 कोटी आले कुठून? सरासरी अंतर 9 कोटी 30 लाख मैल आहे. कुणीतरी मैल खोडून किलोमीटर लिहिले असावेत. शुक्र सूर्यापासून सुमारे 10 कोटी 80 लाख किलोमीटरवर फिरतो. म्हणजे या निरोपावर विश्वास ठेवायचा, तर आपण एरवी शुक्राच्याही आत राहतो आणि आजच्या पावणेतीन पट ऊन खातो! हे पुढे धाडणाऱ्यांत शिकलेसवरलेले लोकही असतात, याची चीड येते.

अंतरावर ऋतू ठरत असते, तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आणि एकाच वेळी हिवाळा आला असता. तसं होत नाही, याचा पुरावा दक्षिण गोलार्धातल्या नोंदींत आहे. 2020 साली पृथ्वी 5 जानेवारीला सूर्याच्या सर्वात जवळ होती. त्याच्या आदल्या दिवशी सिडनीच्या पेनरिथ उपनगरात पारा 48.9 अंशांवर गेला. जानेवारी म्हणजे निपाणीत सकाळी शेकोटीभोवती बसण्याचे दिवस. सूर्य दोघांनाही तितकाच जवळ. ऑस्ट्रेलियातला 50.7 अंशांचा उच्चांकही जानेवारीतलाच: 1960 मध्ये ऊडनाडाटाला नोंदला गेला आणि 2022 मध्ये ऑन्स्लोने त्याची बरोबरी केली. ऋतूंचं खरं कारण पृथ्वीच्या साडेतेवीस अंशांनी कललेल्या आसात आहे. डिसेंबर-जानेवारीत दक्षिण गोलार्ध सूर्याकडे झुकलेला असतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सिडनीला भरदुपारी सूर्य क्षितिजापासून जवळपास 80 अंश वर चढतो आणि दिवस चौदा तासांहून मोठा असतो. बेळगावला तेव्हा सूर्य 50 अंशांच्या आसपास थांबतो आणि दिवस सव्वाअकरा तासांत आटोपतो.

यावर विचारलं जातं, की मग अंतराचा काहीच परिणाम होत नाही का? होतो. जानेवारीत पृथ्वीला जुलैपेक्षा सुमारे सात टक्के जास्त ऊन मिळतं. त्या हिशेबाने दक्षिणेचा उन्हाळा आपल्याहून कडक हवा होता. पण त्या गोलार्धाचा सुमारे 81 टक्के भाग समुद्राने व्यापलेला आहे आणि पाणी तापायला जमिनीपेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. शिवाय सूर्याजवळ असताना पृथ्वी जास्त वेगाने पळते, त्यामुळे तिकडचा उन्हाळा आपल्यापेक्षा चार-पाच दिवसांनी आखूड. परिणामी सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान जुलैतच, सूर्य सर्वात लांब असताना, जास्त भरतं.

दुसरी हरकत जास्त प्रामाणिक आहे: बेळगावला जुलैत खरंच गारठा असतो, तो कशाचा? ढगांचा आणि पावसाचा. एप्रिलमध्ये पस्तिशी ओलांडणारं दुपारचं तापमान जुलैत पंचविशीच्या आसपास येतं, कारण मोसमी ढग ऊन अडवतात आणि पावसाने भिजलेली जमीन तापत नाही; त्यात शहर साडेसातशे मीटर उंचीवर. पटत नसेल तर जिल्ह्याबाहेरही जायला नको. खानापूर तालुक्यातलं कणकुंबी घाटमाथ्यावर, तिथे पाऊस उसंत देत नाही; अथणी पूर्वेला पर्जन्यछायेत, तिथे त्याच आठवड्यात आभाळ उघडं पडतं आणि उकडतं. कणकुंबीचा सूर्य लांब आणि अथणीचा जवळ, असं तर कुणी म्हणणार नाही? त्यात गंमत अशी, की बेळगावच्या अक्षांशावर सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो: मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या 8-9 तारखेला. म्हणजे निरोपातल्या गारठ्याच्या मुदतीत सूर्य माथ्यावर असतो, फक्त म्हाताऱ्या पावसानंतर लागलेल्या आश्लेषाच्या ढगांमुळे तो दिसत नाही. पावसाच्या नक्षत्रांना तरणा-म्हातारा ही नावं ठेवणाऱ्या शेतकऱ्याला जुलैच्या गारठ्यासाठी अपसूर्य स्थितीची गरज कधी भासली नाही. घसा धरतो तो विषाणूंनी आणि दारं-खिडक्या लावून दाटीवाटीने बसल्याने.

बाकीचे गैरसमज किरकोळ. दक्षिण म्हणजे अंटार्क्टिका, म्हणजे सगळीकडे थंडी, असं नव्हे. ऑस्ट्रेलियातल्या मार्बल बारला 1923-24 च्या उन्हाळ्यात सलग 160 दिवस रोजचं कमाल तापमान 100 अंश फॅरनहाइटच्या खाली राहिलं नव्हतं. सूर्य संक्रांतीला उत्तरेकडे वळतो असं म्हणतात, प्रत्यक्षात तो 21-22 डिसेंबरलाच वळलेला असतो. आणि ऑस्ट्रेलियातले पन्नाशीचे आकडे तापलेल्या डांबरी रस्त्यावरचे नसतात. ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचे असतात. रस्त्यावर तापमापक ठेवला तर पन्नाशी निपाणीतही एप्रिलमध्ये दिसेल.