मतपत्रिकेवर पक्ष नाही, मग सत्ता कोणाची? सिनसिनाटीच्या महापौरपदाची शंभर वर्षे

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात महापौरपदाची निवडणूक झाली. एका बाजूला विद्यमान महापौर आफ्ताब पुरेवाल, तर दुसऱ्या बाजूला कोरी बोमन. पुरेवाल डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्या आई भारतात वाढलेल्या तिबेटी निर्वासित आणि वडील पंजाबी. बोमन रिपब्लिकन असून अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स यांचे सावत्र भाऊ. कोण कोणत्या पक्षाचा हे शहरात सर्वांना ठाऊक होते. मतपत्रिकेवर मात्र फक्त दोन नावे होती. पक्षाचे नाव नाही, चिन्ह नाही. पुरेवाल तीन चतुर्थांशांहून अधिक मते घेऊन पुन्हा निवडून आले.

आपल्याला हा प्रकार अगदीच अनोळखी नाही. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही. तरीही कोणते पॅनेल कोणाचे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. सिनसिनाटीत हेच गेली शंभर वर्षे सुमारे तीन लाख वस्तीच्या शहरात चालू आहे. या शंभर वर्षांत मतपत्रिका पक्षविरहित राहिली, पण मते मोजण्याचा नियम बदलत गेला. तो नियम बदलला तेव्हा कोण महापौर होऊ शकतो आणि कोण होऊ शकत नाही, हेही बदलले. अल्पसंख्य समाजांनी हा इतिहास समजून घ्यावा, तो यासाठी.

गरुड आणि कोंबडा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिनसिनाटीवर जॉर्ज बी. कॉक्स या रिपब्लिकन पुढाऱ्याची पकड होती. मूळचा दारूच्या गुत्त्याचा मालक असलेला हा माणूस पुढे कोणाला नोकरी, कोणाला कंत्राट आणि कोणाला उमेदवारी, हे ठरवू लागला. १९१६ साली तो मेला, पण त्याने उभी केलेली यंत्रणा टिकून राहिली. नगर परिषदेत ३२ सदस्य असत. जुन्या पद्धतीने झालेल्या शेवटच्या निवडणुकीत त्यांपैकी ३१ जागा रिपब्लिकन पक्षाने जिंकल्या. शहरातले सगळे मतदार त्या पक्षाचे होते असे मुळीच नाही. बहुतेक सदस्य वॉर्डांतून येत, आणि प्रत्येक वॉर्डात ज्याला जास्त मते त्याला जागा, बाकीच्यांची मते वाया, या नियमाचा हा परिणाम होता.

त्या काळी ओहायोच्या मतपत्रिकेवर रिपब्लिकन पक्षाचे चिन्ह गरुड आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे चिन्ह कोंबडा असे. मतदाराने पक्ष्याखाली एक फुली मारली की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जाई. उमेदवार कोण, त्याने काय काम केले, हे पाहण्याची गरजच उरत नसे. म्हणून सुधारणावाद्यांनी जी संघटना काढली तिचे नावच ‘बर्डलेस बॅलट लीग’ होते, म्हणजे पक्षीविरहित मतपत्रिका संघ. पक्षी गेला की पक्षही जाईल, अशी त्यांची आशा होती.

मरे सीसनगुड या वकिलाने १९२३ मध्ये जादा कराच्या प्रस्तावाविरुद्ध जाहीर आघाडी उघडली आणि चळवळीला जोर आला. नोव्हेंबर १९२४ मध्ये शहराच्या सनदेत, म्हणजे शहराच्या स्वतःच्या घटनेत, दुरुस्ती करण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि दोनास एकाहून अधिक अशा बहुमताने मंजूर झाला.

नवा नियम काय होता?

नव्या सनदेने चार मोठे बदल केले. मतपत्रिकेवरून पक्षाचे नाव आणि चिन्ह गेले. ३२ जणांच्या परिषदेऐवजी नऊ जणांची परिषद आली. रोजचा कारभार नेमलेल्या नगर व्यवस्थापकाकडे गेला. महापौराची थेट निवडणूक बंद होऊन परिषदेने आपल्यातूनच एकाला महापौर निवडावे असे ठरले.

या नऊ जणांच्या निवडीची पद्धत सर्वांत महत्त्वाची होती. ती होती एकल संक्रमणीय मताची, म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची. आपल्याकडे राज्यसभेच्या आणि आमदारांतून होणाऱ्या विधान परिषदेच्या निवडणुकीत ‘कोटा’ आणि ‘दुसऱ्या पसंतीची मते’ हे शब्द कानावर येतात. तीच ही पद्धत, पण सिनसिनाटीत ती सामान्य मतदाराच्या हाती होती.

समजा एक लाख लोकांनी मतदान केले. नऊ जागा असतील तर निवडून येण्यासाठी १०,००१ मते पुरतात. मतदार १, २, ३ असा पसंतीक्रम देतो. निवडून आलेल्या उमेदवाराची जास्तीची मते पुढच्या पसंतीकडे जातात. सर्वांत कमी मते मिळालेला बाद होतो आणि त्याचीही मते पुढच्या पसंतीकडे जातात. त्यामुळे शहरात दहावा हिस्सा असलेला समाज एकजुटीने उभा राहिला तर त्याचा एक माणूस परिषदेत जातोच. त्यासाठी त्याला बहुसंख्याकांची मर्जी सांभाळावी लागत नाही.

१९२५ च्या पहिल्या निवडणुकीत सुधारणावाद्यांच्या चार्टर कमिटीला नऊपैकी सहा आणि रिपब्लिकनांना तीन जागा मिळाल्या. सीसनगुड महापौर झाले. १९३१ मध्ये निवृत्त पोलीस डिटेक्टिव्ह फ्रँक हॉल हे परिषदेवर निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. त्यांच्यानंतर १९४१ मध्ये जेसी लॉकर आणि १९४९ मध्ये थिओडोर बेरी निवडून आले.

चार्टर कमिटीही उमेदवारांची यादी काढून प्रचार करत होती. म्हणजे मतपत्रिकेवर पक्ष नव्हता, तरी पॅनेल होतेच. कृष्णवर्णीय समाजाला परिषदेत जागा मिळवून दिली ती कोऱ्या मतपत्रिकेने नव्हे, तर मतमोजणीच्या नियमाने.

थिओडोर बेरी आणि १९५७

बेरी यांचा जन्म १९०५ चा, केंटकी राज्यातला. शाळेत असताना निबंध स्पर्धेत त्यांनी स्वतःच्या नावाने दिलेला निबंध गोऱ्या परीक्षकांनी नाकारला. मग त्यांनी ‘थॉमस प्लेफेअर’ या टोपणनावाने दुसरा निबंध दिला आणि तो पहिला आला. पुढे ते वकील झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस गोऱ्या अधिकाऱ्यांच्या क्लबमध्ये प्रवेश मागणाऱ्या कृष्णवर्णीय वैमानिकांवर लष्करी खटला भरला गेला. त्यांचा बचाव करणाऱ्यांत बेरी होते.

१९५५ मध्ये चार्टर कमिटीला परिषदेत बहुमत मिळाले. माजी राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांचे पुत्र चार्ल्स टाफ्ट महापौर झाले आणि बेरी उपमहापौर. आता पुढच्या खेपेला बेरी महापौर होणार, हे स्पष्ट दिसू लागले आणि शहरात कुजबुज सुरू झाली.

प्रमाणशीर प्रतिनिधित्व रद्द करण्याचे प्रयत्न याआधी १९३६, १९३९, १९४७ आणि १९५४ असे चार वेळा फसले होते. पाचवा प्रयत्न १९५७ मध्ये झाला. ‘शहराला निग्रो महापौर हवा का?’ हा प्रश्न प्रचारात फिरू लागला. या वेळी पद्धत रद्द झाली. गोऱ्या मतदारांनी रद्द करण्याच्या बाजूने दोनास एक, तर कृष्णवर्णीय मतदारांनी विरोधात चारास एक असा कौल दिला. त्याच वर्षीच्या परिषदेच्या निवडणुकीत नव्या पद्धतीने मतदान झाले आणि बेरी हरले.

हा प्रश्न केवळ मानाचा नव्हता. याच काळात शहराच्या वेस्ट एंड भागातील केनियन-बार ही वस्ती ‘नागरी पुनर्विकासा’साठी पाडण्याची तयारी चालू होती. तिथून पंचवीस हजारांहून अधिक माणसे हलवली गेली आणि त्यांतली जवळजवळ सगळी कृष्णवर्णीय होती. वस्ती कोणाची पाडायची आणि रस्ता कुठून न्यायचा, याचे निर्णय अशाच परिषदांच्या टेबलावर होतात. त्या टेबलाशी आपला माणूस बसला म्हणून वस्ती वाचतेच असे नाही. पण तो नसेल तर प्रश्न विचारणाराही उरत नाही.

नऊ मतांचा सापळा

१९५७ नंतर आलेल्या पद्धतीला शहरात ‘नाइन-एक्स’ म्हणतात. संपूर्ण शहर हा एकच मतदारसंघ, जागा नऊ आणि प्रत्येक मतदाराला नऊ फुल्या. पसंतीक्रम नाही. ज्यांना सर्वाधिक मते ते नऊ जण विजयी. वरवर पाहता हे अगदी न्याय्य वाटते. परंतु ५१ टक्के लोकांनी एकाच यादीतील नऊ जणांना मते दिली, तर नऊच्या नऊ जागा त्यांच्याच होतात आणि ४९ टक्क्यांच्या हाती काही लागत नाही.

अल्पसंख्य मतदारापुढे मग एकच मार्ग उरतो. आपल्या माणसाला एक मत द्यायचे आणि उरलेली आठ मते वापरायचीच नाहीत. म्हणजे प्रतिनिधित्वासाठी आपल्या नऊपैकी आठ हक्क सोडून द्यायचे.

१९७१ मध्ये डेमोक्रॅट आणि चार्टर कमिटी यांची आघाडी सत्तेवर आली आणि महापौरपद वाटून घेण्याचे ठरले. अखेर १९७२ मध्ये बेरी सिनसिनाटीचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले. उपमहापौरपदापासून महापौरपदापर्यंत पोचायला त्यांना सतरा वर्षे लागली. मधल्या काळात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या गरिबीविरोधी मोहिमेत ते देशपातळीवर काम करून आले होते. देशाला चालणारा माणूस आपल्या शहराला चालायला एवढा वेळ लागला.

पुढे परिषदेच्या निवडणुकीत ज्याला सर्वाधिक मते तो आपोआप महापौर, असा नियम १९८० च्या दशकात आला. याच नियमाने १९९१ मध्ये ड्वाइट टिलरी हे कृष्णवर्णीय नेते महापौर झाले. प्रमाणशीर पद्धत परत आणण्याचे प्रस्ताव १९८८, १९९१ आणि २००८ मध्ये मतदारांपुढे आले. तिन्ही पडले.

थेट महापौर

मे १९९९ मध्ये मतदारांनी थेट महापौर निवडण्याच्या बाजूने कौल दिला. सध्याची पद्धत अशी आहे. प्राथमिक फेरीत सर्व उमेदवार एकत्र उभे राहतात आणि पहिले दोघे नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात. महापौराची मुदत चार वर्षांची. त्याला परिषदेत मत नाही, पण ठराव रोखण्याचा अधिकार आहे. तो अडसर दूर करायला नऊपैकी सहा मते लागतात.

सुमारे पाऊण शतकानंतरची ही पहिली थेट निवडणूक २००१ मध्ये झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये टिमोथी थॉमस या एकोणीस वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला होता आणि शहर अनेक दिवस पेटले होते. प्राथमिक फेरीचा दिवस होता ११ सप्टेंबर २००१. न्यू यॉर्कवर हल्ला झाला त्या दिवशी सिनसिनाटीत मतदान चालू होते. त्या फेरीत कृष्णवर्णीय पत्रकार कोर्टिस फुलर पुढे होते. नोव्हेंबरमध्ये मात्र विद्यमान महापौर चार्ली लुकन जिंकले. २००५ मध्ये मार्क मॅलोरी हे थेट निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले आणि २०२१ मध्ये पुरेवाल हे पहिले आशियाई वंशाचे महापौर.

परिषद मात्र अजूनही नऊ फुल्यांनीच निवडली जाते. २०२३ मध्ये नऊच्या नऊ जागा डेमोक्रॅटिक उमेदवारांनी जिंकल्या. शंभर वर्षांपूर्वी ३२ पैकी ३१ जागा एका पक्षाकडे गेल्या म्हणून सुधारणा झाली होती. आज मतपत्रिकेवर पक्ष नसतानाही नऊपैकी नऊ जागा एकाच पक्षाकडे आहेत. पक्षी उडाला, पक्ष राहिला.

आपण यातून काय घ्यायचे?

मतमोजणीच्या नियमाचे महत्त्व आपल्या चळवळीला नवे नाही. १९३२ चा पुणे करार हाच मुळात कोण कोणाला निवडणार याविषयीचा वाद होता. १९३७ च्या मुंबई प्रांतातील निवडणुकीत बहुसदस्यीय मतदारसंघांतील मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. सिनसिनाटीच्या अल्पसंख्य मतदाराला आठ मते फेकून द्यावी लागतात. इथे ती एकाच्या पदरात टाकता येत होती. बाबासाहेबांनी जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत प्रमाणशीर पद्धतीला विरोध केला, हेही लक्षात ठेवले पाहिजे. साक्षरतेचे अल्प प्रमाण आणि स्थिर सरकारची गरज ही त्यांची कारणे होती. म्हणजे त्यांच्या लेखी कोणतीही पद्धत पवित्र नव्हती. परिस्थिती पाहून तिचे माप काढायचे होते.

आज मुंबई वगळता आपल्या महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत. मतदाराला अनेक मते असतात, पण अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेसाठी वेगळे एकच. ती एकवटता येत नाहीत. नगराध्यक्ष थेट निवडायचा की सदस्यांतून, हा नियमही आपल्याकडे सरकार बदलले की बदलतो. आपण मात्र उमेदवार कोण आणि तिकीट कोणाला यावर रात्री जागवतो, आणि प्रभागरचनेवर हरकती घेण्याची मुदत निघून जाते.

१९५७ मध्ये बेरी यांना रोखण्यासाठी कोणालाही त्यांच्यापेक्षा चांगला उमेदवार शोधावा लागला नाही. मते मोजण्याचा नियम बदलणे पुरेसे झाले. पुढच्या वेळी प्रभागरचनेचा मसुदा जाहीर होईल तेव्हा तो वाचायला हवा आणि मुदतीत हरकत नोंदवायला हवी.