नाव यादीत येईपर्यंत

एरवी बचत गटाच्या या कार्यक्रमात आपण कर्ज, हप्ते, शेळीपालन असे बोलतो. आजचा विषय दूरचा वाटेल, पण तो बायांचाच आहे. युद्ध संपते, दोन देश बोलणीला बसतात, कैदी घरी येतात. पण ज्या जवानाचा पत्ताच लागत नाही, त्याचे काय होते? आणि घरी वाट पाहणाऱ्या बाईचे काय?

पारशिवनीहून कन्हानमार्गे नागपूरला जाताना कामठीची छावणी लागते. तिथे गार्ड्स रेजिमेंटचे केंद्र आहे. आपल्या भागातली पोरेही सैन्यात जातात. म्हणून ही गोष्ट आपल्याला माहीत असायला हवी.

डिसेंबर 1971 मध्ये भारत-पाकिस्तान युद्ध झाले. 5 डिसेंबरला हवाई दलाचे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे पाकिस्तानातल्या शोरकोट भागावर हल्ल्यासाठी गेले, ते परतले नाहीत. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे देशातल्या नावाजलेल्या बॅडमिंटनपटू, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला जेमतेम दीड वर्ष झाले होते. युद्धाच्या त्याच दिवसांत तिकडच्या एका वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावे छापून आली. त्यात तांबे या नावाशी मिळतेजुळते एक नाव होते. मग माणूस जिवंत सापडला, असे घरच्यांनी का समजू नये? पण त्यांचे नाव कैद्यांच्या अधिकृत यादीत कधीच आले नाही. दमयंतीताईंनी नोकरी केली, आणि आयुष्यभर या प्रश्नाचा पाठपुरावा केला.

असे त्या एकट्याच नाहीत. 1971 च्या युद्धातले 54 जण पाकिस्तानच्या ताब्यात असावेत, असे भारत सरकार मानते. इतर काळातले धरून बेपत्ता सैनिकांचा आकडा 83 सांगितला जातो. पाकिस्तानचे म्हणणे एकच राहिले आहे की, आमच्याकडे तुमचा एकही युद्धकैदी नाही.

आता नियम काय सांगतो ते पाहू. 1949 चा जिनिव्हा करार दोन्ही देशांना मान्य आहे. त्यानुसार पकडलेल्या सैनिकाने आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढेच सांगायचे असते. छावणीत पोहोचल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी आणि जिनिव्हातल्या केंद्रीय संस्थेकडे एक कार्ड पाठवू द्यायचे असते. प्रत्येक देशाने कैद्यांची नोंद ठेवणारे कार्यालय उघडायचे असते. लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडायचे असते. म्हणजे सगळा डोलारा एका कार्डावर आणि एका नोंदीवर उभा आहे. आपल्या गटाच्या वहीत हप्ता चढला नाही, तर भरलेला पैसाही भरला नाही असाच होतो ना? तसेच हे. ज्याचे कार्ड भरले गेले नाही, त्याच्याबद्दल समोरचा देश सहज म्हणू शकतो की असा माणूस आमच्याकडे आलाच नाही.

मग बोलणी झाली नाहीत का? झाली. जुलै 1972 मध्ये शिमला करार झाला. डिसेंबर 1972 मध्ये पश्चिम आघाडीवर पकडलेले कैदी एकमेकांना परत केले गेले, आणि सहाशेहून अधिक भारतीय जवान वाघा सीमेवरून घरी आले. भारताकडे पूर्व आघाडीवरचे सुमारे 93 हजार पाकिस्तानी कैदी होते. त्यात सैनिकांबरोबर साधे नागरिकही होते. त्यांच्या सुटकेचा प्रश्न बांगलादेशच्या मान्यतेशी जोडला गेला, आणि 1973-74 मध्ये तेही परत गेले. बेपत्तांच्या घरच्यांचा सल इथेच आहे. एवढे कैदी आपल्या हातात असताना आमच्या माणसांचा हिशोब आधी का मागितला नाही, असे ते आजही विचारतात.

नंतर काही धागे मिळाले. मेजर अशोक सुरी यांच्या वडिलांना 1974-75 मध्ये मुलाच्या हस्ताक्षरातली पत्रे मिळाली, त्यातले एक कराचीहून आले होते. 'टाइम' या अमेरिकन साप्ताहिकात गजाआडच्या एका कैद्याचा फोटो आला, तो मेजर ए. के. घोष यांचा असल्याचे घरच्यांनी ओळखले. 1983 मध्ये आणि पुन्हा जून 2007 मध्ये नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग दाखवले गेले. 2007 मध्ये चौदा जण गेले होते. आपला माणूस कोणालाच भेटला नाही, आणि शंकाही फिटली नाही.

आता दुसरी बाजू बघा. 2008 मध्ये दोन्ही देशांनी करार केला की, दरवर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला एकमेकांच्या कैद्यांच्या याद्या द्यायच्या. या यादीत आपल्या पालघर जिल्ह्यातले मच्छीमारही असतात. समुद्रात हद्द ओलांडली म्हणून ते कराचीच्या तुरुंगात पडतात. त्यांच्या बायकांचे हाल काही कमी नाहीत. पण त्यांचे नाव यादीत आहे. आपले अधिकारी तुरुंगात जाऊन त्यांना भेटू शकतात आणि ते आपलेच नागरिक असल्याची खात्री करतात. शिक्षा संपली आणि ही खात्री झाली, की महिन्याभरात सोडायचे असे करारात लिहिले आहे. उशीर होतो, तरी माणसे येतात. त्याच दिवशी भारत बेपत्ता सैनिकांचाही विषय काढतो. तिथे मात्र गाडी अडते, कारण जो आमच्याकडे नाहीच असे समोरचा म्हणतो, त्याची सुटका मागायची कशी? पाकिस्तानही आपल्या बेपत्ता सैनिकांची नावे भारताला देतो. तिकडेही एखादी माय अशीच उंबऱ्यात बसलेली असणार.

मग यातून वाट निघत नाही का? अमेरिका आणि व्हिएतनाम बघा. ते युद्ध 1975 मध्ये संपले. अमेरिकेचे अडीच हजारांहून अधिक सैनिक बेपत्ता होते, व्हिएतनामचे तर लाखांत. दोघांत मैत्री नव्हती, एकमेकांकडे वकिलातही नव्हती. तरी 1988 पासून दोन्हीकडची माणसे एकत्र शोधाला लागली. विमान कुठे पडले ते गावकऱ्यांना विचारले, जुनी कागदपत्रे चाळली, जमीन खणली, हाडे तपासून ओळख पटवली. राजनैतिक संबंध त्यानंतर, 1995 मध्ये सुरू झाले. आजवर हजाराहून अधिक अमेरिकन सैनिकांची ओळख पटली आहे. अमेरिकेनेही आपल्याकडची कागदपत्रे देऊन व्हिएतनामला त्यांची माणसे शोधायला मदत केली. बहुतेकांच्या घरी अस्थीच आल्या. पण घरच्यांना उत्तर मिळाले.

आपल्याकडे मागणी नेहमी 'आमचा माणूस सोडा' अशी राहिली. इतक्या वर्षांनंतर तिच्यासोबत आणखी एक मागणी जोरात व्हायला हवी, असे मला वाटते. त्याचे काय झाले ते सांगा. कोणत्या गावी विमान पडले, कोणत्या दवाखान्यात नेले, कुठे पुरले, ते जुने दप्तर उघडा, आणि आम्हीही आमचे उघडतो. यात कोणाला हार मानावी लागत नाही.

कारण घरच्या बाईचे जगणे या एका उत्तरावर अडलेले असते. सात वर्षे माणसाची खबर नसेल तर कायदा त्याला मृत धरू शकतो. कागद तयार होतो, पेन्शनचा मार्ग निघतो. पण कपाळाचे कुंकू कागदावर ठरत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचे की नाही, अशी कुजबुज गाव करते. तिने मंगळसूत्र ठेवले तरी बोल, काढले तरी बोल. देशांची बोलणी आपल्या हातात नाहीत, मैत्रिणींनो, पण हळदीकुंकवाची यादी आपल्याच हातात आहे. त्या यादीत तिचे नाव आधी लिहा, आणि तिच्या कपाळाचा निर्णय तिच्यावर सोडा.

आणि ज्यांचे पोर किंवा धनी सैन्यात आहे, त्यांनी एक काम आजच करावे. त्यांचा सैनिक क्रमांक, युनिटचा पत्ता, वारसाच्या नोंदीची प्रत आणि आलेली पत्रे एका पिशवीत नीट ठेवा, आणि ती कुठे ठेवली ते घरातल्या दोघींना माहीत असू द्या. काही अडले तर नागपूरला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. एकटीला जायला जड वाटत असेल, तर गटातल्या दोघी सोबत जा.