७.६५ ब्राउनिंग : बेल्जियन सैन्यापासून खडकीपर्यंत

७.६५ मिलिमीटर ब्राउनिंग हे अर्धस्वयंचलित पिस्तुलासाठी घडवलेल्या सुरुवातीच्या लष्करी काडतुसांपैकी एक. अमेरिकन शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी ते आखले, बेल्जियममधल्या एफएन कारखान्याने बनवले आणि १९०० मध्ये बेल्जियन सैन्याने त्याचे पिस्तूल अधिकाऱ्यांसाठी स्वीकारले. इंग्रजी मापात यालाच पॉइंट ३२ म्हणतात.

काडतुसाची ताकद पिस्तुलाच्या रचनेनेच ठरवली. बार उडताना नळीचे मागचे तोंड घट्ट अडकवून ठेवणारी खीळ या पिस्तुलात नाही. सरकत्या भागाचे वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच सारे भागते. दारू जास्त भरली तर गोळी बाहेर पडण्याआधीच पुंगळी मागे येईल. म्हणून गोळी सुमारे ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २७५ ते ३०० मीटर, पुंगळी १७ मिलिमीटर लांब. दारू बिनधुराची, काळ्या दारूच्या काजळीने असले यंत्र लवकरच अडले असते. पुंगळीच्या बुडाची कड किंचितच बाहेर असते. तिच्यामुळे काडतूस नळीत नेमके बसते; मात्र मॅगझिन भरताना वरची कड खालच्या कडेमागे गेली, तर पिस्तूल अडकते.

रणांगणासाठी हा मारा अपुराच होता. १९०२ च्या ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसात याच्या दुपटीहून अधिक ऊर्जा असते. पण लहान, चपटे, कपड्याखाली लपणारे पिस्तूल हवे असलेल्यांना ब्राउनिंगचे नाव लवकरच ठाऊक झाले. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुले हिंदुस्थानात पाठवली होती. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडल्या त्या गोळ्या ब्राउनिंगच्याच.

लष्करात उणे ठरलेले हे माप भारतात परवानाधारकांच्या मात्र सोयीचे ठरले. सैन्यातली ९ मिलिमीटरसारखी मापे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. पॉइंट ३२ त्या यादीत नाही. १८६९ मध्ये सुरू झालेल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची या मापाची काडतुसे बुडावरच्या ‘केएफ’ शिक्क्यावरून ओळखू येतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोद्यापासून चोपड्यापर्यंतच्या पट्ट्यात, बेकायदा शस्त्रांच्या बातम्यांत ‘गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसे’ असा उल्लेख येतो, तेव्हा ती पिस्तुले अनेकदा ७.६५ चीच असतात. कारागीर कुठलाही असो, काडतूस सहसा कारखान्यातलेच लागते.